फाइलमधली चिठ्ठी

माझा धाकटा दोन वर्षांचा झाला तरी 'आई' म्हणत नव्हता. सासूबाई म्हणायच्या, "अगं, याचा बापही तिसऱ्या वर्षी बोलला. मुलगे उशिराच बोलतात." मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी ते मानलं. जिभेला वेखंड उगाळून लावलं, न्हाऊमाखू घातल्यावर कानात कोमट तेल सोडलं. तेल कानात घालू नये हे फार नंतर कळलं.

एकदा मनात पाल चुकचुकली, म्हणून घरीच परीक्षा घेतली. तो खेळत बसला होता. मी हळूच मागे गेले आणि स्टीलचं ताट उलथन्यानं वाजवलं. त्यानं लगेच वळून पाहिलं. जीव इतका भांड्यात पडला की मला रडूच आलं. पण त्याच्या समोर माझी थोरली लेक बसली होती. ताट वाजताच तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिची नजर धरून तो वळला. हे उमगायला मला आणखी सहा महिने लागले. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल सुरू झाला की तो दचकून मला बिलगायचा, त्यावरही आम्ही निर्धास्त राहिलो. ढोल छातीतही वाजतो. दार आपटलं की फरशी थरथरते. ऐकू न येणारं मूल डोळ्यांनी आणि अंगानं इतकं टिपतं की घरच्यांना पत्ता लागत नाही. तेव्हा ताट, टाळ्या, खुळखुळा यांवरून निकाल लावू नका. कानाची तपासणी यंत्रानंच करून घ्या.

लक्षात आलं ते अंगणवाडीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासायला येतं. त्यातल्या डॉक्टरबाईंनी त्याला पाठमोरं बसवून हाक मारली. पुन्हा मारली. मग मला विचारलं, "जन्मल्यावर कावीळ होती का?" होती, आणि चांगलीच वाढली होती. नऊ दिवस तो काचेच्या पेटीत होता. "तेव्हाची फाइल आहे?"

फाइल कपाटात साड्यांखाली होती. रक्ताच्या रिपोर्टांमागे बोटभर रुंदीची एक चिठ्ठी टाचलेली होती. उजवा कान, रेफर. डावा कान, रेफर. बाळाच्या कानात मऊ टोक घालून काही मिनिटांत होणाऱ्या ओएई तपासणीची ती चिठ्ठी. 'रेफर' म्हणजे पास नाही, पुढची तपासणी करा. घरी सोडताना त्या रुग्णालयात आम्हाला हे कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. अडीच वर्षं ती चिठ्ठी माझ्याच घरात होती.

पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा हिशेब या क्षेत्रातले लोक धरतात. भाषा मेंदूत रुजायचा काळ तोच असतो. आणि कावीळ खूप वाढलेल्या किंवा पेटीत राहिलेल्या बाळाची ओएई पास झाली, तरी कानाच्या नसेची बेरा तपासणी मागून घ्या. काविळीचा मार कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर बसतो आणि तो ओएईत दिसेलच असं नाही. बेरा झोपेत करतात. आम्ही आदल्या रात्री त्याला उशिरापर्यंत जागवलं, तेव्हा कुठे तो तिथे झोपला.

निदान पक्कं झालं आणि दोन्ही कानांना श्रवणयंत्रं बसली. पहिला महिनाभर तो ती ओढून फेकायचा आणि मला दया यायची. दया दाखवू नका. झोप आणि अंघोळ सोडून दिवसभर यंत्र कानात हवं. दोरीनं सदऱ्याला अडकवा, पावसाळ्यात रात्री ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या डबीत ठेवा. बॅटरीचं झाकण कुलपाचं मागा, कारण ती गोळीएवढी बॅटरी मुलानं गिळली तर जिवावर बेतू शकतं. मूल वाढतं तसा कानाचा साचा सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारू लागतं. साचा पुन्हा करून घ्या.

यंत्रानं भागलं नाही तर कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल लगेच विचारा. केंद्राच्या एडिप योजनेतून मदत मिळते, पण जन्मजात कर्णबधिर मुलांसाठी पाच वर्षांपर्यंतच्या वयाची अट आहे. 'बघू पुढच्या वर्षी' म्हणण्यात ती मुदत निघून जाते. यासाठी मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग संस्था आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र निदान व उपचार केंद्राची चौकशी करा. दिव्यांगत्वाचा दाखलाही काढा. दाखल्यानं मुलाच्या कपाळी शिक्का बसतो म्हणून आमच्याकडे वर्षभर वाद चालला, तेवढं वर्ष हक्काच्या सवलती गेल्या.

वाचा-उपचार आठवड्यातून दोनदा, पाऊण पाऊण तास. बाकीचं बोलणं घरीच पेरायचं असतं. मी टीव्ही बंद केला. भाकरी थापताना त्याला ओट्यापाशी उंच बसवायची आणि "पीठ, पाणी, थाप थाप, गरम" म्हणत राहायची. खुणाही केल्या. खुणांनी मूल आळशी होतं म्हणणारे भेटले. मला तसं काही दिसलं नाही. या सगळ्यात थोरलीचा अभ्यास, तिचं आजारपण, माझ्या नजरेतून सुटत गेलं. एकदा ती म्हणाली, "मलापण ऐकू येत नाही म्हटलं तर तू माझ्याजवळ बसशील?" तेव्हापासून रात्रीचा अर्धा तास फक्त तिचा.

धाकटा आता सातचा आहे. 'स' आणि 'श' अजून एकच म्हणतो. गल्लीत कुणाची लेक बाळंतपणाला आली की मी आधी कानाची चिठ्ठी मागते. परवा शेजारच्या बाळाच्या चिठ्ठीत एक कान पास, एक रेफर निघाला. मंगळवारी त्याची बेरा आहे. मी सोबत जाणार आहे.