आपला भार आणि सोबत्याचा हात



गरजू मुलांच्या फीची व पुस्तकांची काळजी वाहणाऱ्या न्यासाच्या महोत्सवी अंकात लिहावयाचे, तर विद्यार्थ्यांसाठीच लिहावे असे आम्हांस वाटले. न्यास फी भरील, पुस्तके देईल. पण पुस्तक उघडण्याचे काम कोणताही न्यास करू शकत नाही. ते काम कोणाचे, आणि ते करण्यास बळ कोठून आणावयाचे, या दोन प्रश्नांचा विचार या पाठात करावयाचा आहे.

१. नशीब आणि कौले

परीक्षेत अपयश आले की पुष्कळ घरांत एकच उद्गार निघतो. मुसलमानाच्या घरी ‘तकदीर’ म्हणतात, शेजारच्या हिंदूच्या घरी ‘प्रारब्ध’ म्हणतात. शब्द दोन, पण सबब एकच. गंमत अशी की, हीच माणसे मृगापूर्वी घराची कौले न चुकता चाळून घेतात. छप्पर गळणे वा न गळणे ती नशिबावर सोडीत नाहीत. मुलाचा अभ्यास तेवढा सोडतात! याचा परिणाम मोठा आहे. नापास झालेले मूल एक वर्ष गमावते. त्या निराशेत शाळा सोडणारे मूल मात्र पुष्कळदा आयुष्यभराची वाट गमावते.

धर्म या सबबीस आधार देतो काय? मुळीच नाही. उंट बांधून ठेवू की ईश्वरावर भरवसा ठेवून मोकळा सोडू, असे एकाने हजरत पैगंबरसाहेबांस विचारले. आधी बांध आणि मग भरवसा ठेव, अशा आशयाचे उत्तर त्यास मिळाले, असे हदीसमध्ये सांगितले आहे. कुराणाच्या ‘नज्म’ या ५३ व्या सूरेचा आशयही असाच आहे : एकाचा भार दुसरा उचलीत नाही, आणि मनुष्याच्या पदरी त्याच्या प्रयत्नांचेच फळ पडते.

२. मग श्रद्धा कशासाठी?

सर्व भार आपलाच असेल तर श्रद्धेचा उपयोग काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, श्रद्धा उंट बांधीत नाही; ती बांधणाऱ्याचे हात थरथरू देत नाही. प्रयत्न आपल्या हाती आणि फळ ईश्वराच्या हाती, अशी वाटणी मनाशी पक्की झाली की फळाची धास्ती कमी होते व तेवढे बळ प्रयत्नास मिळते. ईश्वराच्या कृपेविषयी निराश होऊ नये, अशी कुराणाची आज्ञा आहे. पडलेल्या विद्यार्थ्याने पुन्हा उठावे, याला याहून मोठा आधार कोणता?

येथेच दुसरी गोष्ट ध्यानात घ्यावी. नमाज एकट्याने पढता येते. तरीही जमातीबरोबर पढण्याचे पुण्य कितीतरी अधिक मानले आहे. रांगेत खांद्यास खांदा लागलेला असतो. पण नियत ज्याची त्यानेच करावी लागते. शेजाऱ्याने केलेली नियत आपल्या कामी येत नाही. पंढरीच्या वाटेवरील वारकऱ्याचाही अनुभव निराळा नाही. चालावे लागते स्वतःच्याच पायांनी. पण थकलेले पाय उचलले जातात ते दिंडीच्या नादाने.

३. सहाध्यायी

हजरत उमर मदीनेच्या कडेला राहत. रोज पैगंबरसाहेबांकडे जाणे त्यांस शक्य होत नसे. म्हणून त्यांनी व त्यांच्या एका अन्सारी शेजाऱ्याने पाळी ठरविली. एके दिवशी एकाने जावे व ऐकलेले सर्व दुसऱ्यास येऊन सांगावे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने जावे. भुईमूग काढणीच्या दिवसांत ज्या मुलांस शाळा चुकवून शेतावर राहावे लागते, त्यांनी ही युक्ती अवश्य उचलावी.

त्याच मदीनेत मशिदीला लागून ‘सुफ्फा’ नावाची छप्पर घातलेली जागा होती. ज्यांस घरदार नव्हते असे शिकणारे लोक तेथे राहत. कुराण पढणारे काही तरुण दिवसा पाणी भरीत, लाकडे गोळा करून विकीत, त्या पैशांतून सुफ्फावरील सोबत्यांस अन्न आणीत, आणि रात्री अध्ययन करीत, असे वर्णन हदीसमध्ये आहे.

हे चित्र आपल्या मुलखास अपरिचित नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहिली, एकाच पंक्तीस जेवली, आणि आपली कामे आपल्या हातांनी करून शिकली. १९२७ साली महात्मा गांधींनी त्यास भेट दिली. त्याआधी १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था निघाली, तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी स्वतः तिचे अध्यक्षपद स्वीकारले होते. मदीना व सातारा यांत तेरा शतकांचे अंतर. परंतु पद्धत एकच : काम ज्याचे त्याने करावे, आणि शेजारच्याला उपाशी व एकटे राहू देऊ नये.

४. मदत आणि नक्कल

एक सावधगिरी मात्र हवी. सोबत्यास गणिताची रीत समजावून देणे ही मदत; त्यास वही उतरवू देणे ही मदत नव्हे. पहिल्याने त्याचे बळ वाढते, दुसऱ्याने त्याचा भार केवळ पुढे ढकलला जातो व परीक्षेच्या दिवशी दुप्पट होऊन अंगावर येतो. शिवाय जो समजावून सांगतो त्याचाही धडा पक्का होतो. स्वतःस नीट कळले नसेल तर सांगताना जीभ अडखळते, आणि कच्चे कोठे आहे ते तेथेच सापडते. म्हणून हुशार मुलानेही मागे पडलेल्याजवळ बसण्यात कमीपणा मानू नये.

आमची सूचना एवढीच : चार-चार मुलांनी गट करावा. रोज अर्धा तास प्रत्येकाने एकेक धडा इतरांस पुस्तक न पाहता सांगावा. जो आला नाही, त्याच्याकडे त्याच संध्याकाळी एकाने जावे.

विचारासाठी प्रश्न

१. गेल्या परीक्षेत जे साधले नाही, त्यातील कोणती गोष्ट आपल्या हाती होती?
२. आपण सोबत्यास रीत सांगतो की वही देतो?
३. आपल्या वर्गात कोणाची जागा आठ दिवस रिकामी आहे? आज त्याच्या घरी कोण जाणार?