पडली की पाडली?

चि. सोनूस,


परवा तुझा फोन झाल्यापासून मनात तेच घोळतंय. फोनवर मी नुसतं 'बघू, बघू' म्हणाले, कारण हे नीट सांगायचं तर पत्रच हवं. सातवीच्या मुलांकडून तू 'लाय' आणि 'ले' या दोन क्रियापदांची रूपं पंधरा दिवस घोकून घेतलीस. लाय-ले-लेन, ले-लेड-लेड. फळ्याच्या कोपऱ्यात तक्ता लिहून त्याभोवती 'पुसू नये' अशी चौकट आखलीस. आणि तोंडी परीक्षेत एक मुलगा उठून म्हणाला, 'द डॉग इज लेइंग अंडर द ट्री.' कुत्रा झाडाखाली अंडी घालतोय! तुला हसू आवरलं नाही, मग तू अर्थ सांगितलास, मग वर्ग हसला. तो मुलगा त्या दिवसापासून इंग्रजीच्या तासाला तोंड उघडत नाही, हे सांगताना तुझा आवाज उतरला होता. म्हणून तर लिहायला बसले.

तक्ता पुसून टाक. तो चुकीचा नाही, पण फार लवकर आला. मुलांना आधी दोन गोष्टींतला फरक दिसू दे, रूपं मागाहून येतील. आणि हा फरक तुझ्या मुलांना येत नाही असं समजू नकोस. तुझ्या-माझ्यापेक्षा त्यांना तो पक्का ठाऊक आहे.

चैतात एखाद्याच्या कलमाखाली मुलं सापडली की काय होतं ते आठव. मालक विचारतो, 'कैऱ्या कुणी पाडल्या?' आणि सगळी एका सुरात म्हणतात, 'पाडल्या नाहीत, पडल्या होत्या! आम्ही नुसत्या उचलल्या.' एका कान्याचा फरक, पण त्या कान्यावर पाठीत धपाटा बसायचा की नाही ते ठरतं. कैरी आपली आपण खाली आली की कुणी दगड मारून आणली, हे सांगताना राजापुरातलं चार वर्षांचं पोर चुकत नाही. पडणे आणि पाडणे. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, जळणे-जाळणे, गळणे-गाळणे, सुटणे-सोडणे. पहिल्यात गोष्ट आपली आपण घडते, दुसऱ्यात कुणीतरी ती घडवतं. 'लाय' म्हणजे स्वतः आडवं होणं, पडून असणं. 'ले' म्हणजे दुसऱ्या कशाला तरी आडवं करणं, ठेवणं, अंथरणं. एवढंच आहे.

हे साम्य वरवरचं नाही, सोनू. मला ते कळलं तेव्हा मी अर्धी रात्र जागी होते. आपलं 'पडणे-पाडणे' संस्कृतातल्या 'पतति' आणि 'पातयति' यांच्यातून आलं. मूळ धातूला 'अय' लावून 'करवणं' दाखवायची ती जुनी रीत. इंग्रजी ज्या जर्मानिक कुळातली, तिथेही हीच रीत होती आणि तिच्यातूनच 'लाय'चं 'ले' झालं, 'सिट'चं 'सेट' झालं, 'राइज'चं 'रेझ' झालं. दोन्हीकडची रीत एकाच प्राचीन मुळातून आलेली आहे. इंग्रजीत ती केव्हाच वठली, अशा चार-दोन जोड्या तेवढ्या मागे उरल्या. मराठीत ती अजून हिरवी आहे. आपण आजही बसणेचं बसवणे, हसणेचं हसवणे, झोपणेचं झोपवणे करतो, त्यासाठी कुणी शिकवावं लागत नाही. मग ज्या मुलांच्या तोंडात हे झाड जिवंत आहे त्यांना आपण वाळलेल्या काटक्या पाठ करायला का लावतो?

आता खरी अडचण. ती 'लाय'च्या भूतकाळात आहे. 'लाय'चा भूतकाळ होतो 'ले', आणि 'ले' हे तर दुसऱ्याच क्रियापदाचं नाव. मुलं गोंधळतात ती इथे, आणि गोंधळणारच. मुद्दाम गोंधळवल्यासारखीच ही रचना आहे. 'फॉल'चंही तसंच आहे बघ. झाड पडलं, 'द ट्री फेल'. आणि झाड पाडणे या अर्थीही इंग्रजीत 'फेल' असंच क्रियापद आहे, त्याचा भूतकाळ 'फेल्ड'. पडणे-पाडणेची हुबेहूब जोडी, आणि गाठ पडलीय तीही हुबेहूब तशीच.

ही गाठ सोडवायला मी पुढे पुढे 'ने' वापरायला लागले. 'आजी ओटीवर पडली.' 'आजीने गोधडी अंथरली.' दुसऱ्या वाक्यात 'ने' आला, पहिल्यात नाही. काल घडलेली गोष्ट मुलाने आधी मराठीत सांगायची. 'ने' आला तर 'लेड', नाही आला तर 'ले'. ग्रँडमदर ले ऑन द व्हरांडा, ग्रँडमदर लेड द क्विल्ट. कर्म कशाला म्हणतात, सकर्मक कोण नि अकर्मक कोण, ही पाटी त्या दिवशी वर टांगायचीच नाही.

'मी' आणि 'तू' यांना 'ने' दिसत नाही, तिथे क्रियापदाकडे बघायला सांग. मुलगा म्हणतो, 'मी पडलो', पण 'मी चटई घातली'. मुलगा असून 'घातली' म्हणतो, कारण क्रियापद त्याला सोडून चटईमागे गेलं. ते चटईमागे गेलं की 'लेड'. तुझ्या आजोबांच्या कपाटात मोरो केशव दामल्यांचं १९११ सालचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आहे. त्यातला प्रयोगांचा भाग या सुट्टीत सावकाश वाच. इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला तो जितका उपयोगी पडेल तितकं दुसरं काही पडणार नाही.

ही किल्ली एवढ्याच कुलपाची आहे, हेही मुलांना सांग. 'तो पाणी प्याला', 'ती धडा शिकली', इथे कर्म असूनही 'ने' येत नाही. आणि सोलापूर-लातूरकडून आलेलं मूल वर्गात असेल तर ते 'मी काम केलो' म्हणेल. त्याच्या घरची बोली तशी आहे, त्यात चूक नाही. त्याला निराळी वाट दाखव.

आणखी एक बारीक खूण. 'ही लेज' म्हटलं तर तो आज काहीतरी ठेवतोय. 'ही ले' म्हटलं, शेवटचा 'ज' नाही, तर तो काल पडून होता. मुलांना अशा खुणा शोधायला आवडतात. शोधू देत.

मराठीतून जायचं म्हटलं की तुला भीती वाटेल, मलाही वाटायची. २००० साली आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. त्यानंतरच्या एका प्रशिक्षणात आम्हाला बजावलं होतं की इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द नको. मी ते प्रामाणिकपणे पाळलं, आणि त्यापायी एका मुलीवर अन्याय केला.

'माझी आजी' या विषयावर तिने लिहिलं होतं, 'माय ग्रँडमदर फॉल्स एव्हरी आफ्टरनून.' माझी आजी रोज दुपारी धडपडते! मी लाल शाईने आडवी रेघ मारली, बाजूला 'अर्थ लागत नाही' असं लिहिलं आणि दोन गुण कापले. मधल्या सुट्टीत ती टेबलाशी येऊन उभी राहिली. वही छातीशी धरलेली. म्हणाली, 'बाई, पण ती खरंच रोज पडते. भांडी झाली की पडते, चहाला उठते.' तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्या घरात सगळ्या म्हाताऱ्या 'जरा पडते गं' म्हणतात. मराठीत वाक्य निर्दोष होतं. तिच्याकडे 'लाइज डाउन' हे दोन शब्द तेवढे नव्हते, आणि ते देणं माझं काम होतं. मी दिले, गुणही वाढवले. पण ती लाल रेघ पुसता येईना. मी खोडरबराने घासत राहिले तर कागद फाटला. ती म्हणाली, 'असू दे बाई.' हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हणून लाल पेन उचलायच्या आधी विचारत जा, 'तुला मराठीत काय म्हणायचं होतं?' एका वहीला अर्धा मिनिट जास्त लागेल. लागू दे.

मराठीत या दोन क्रियापदांना किती शब्द आहेत तेही मुलांकडूनच काढून घे. 'लाय'साठी पडणं, लवंडणं, पहुडणं, आडवं होणं. गाव नदीकाठी वसलंय म्हणतो तिथेही 'लाइज'. तुझं राजापूर अर्जुना नदीच्या काठी 'लाइज'. आणि 'ले' तर विचारूच नकोस. अंडी घालतात, अंथरूण घालतात, पानं मांडतात, विटा रचतात, फरशी बसवतात, नळ टाकतात. आपल्याकडे जिनसागणिक वेगळं क्रियापद, इंग्रजीत एकच. ज्याचे वडील गवंडीकाम करतात तो मुलगा त्या दिवशी वर्गात सगळ्यांत जास्त बोलेल, बघ. पाटीवर लिहिण्याआधी चटई आण. एकाने ती अंथरावी, दुसऱ्याने तिच्यावर आडवं व्हावं, तिसऱ्याने सांगावं. दुसऱ्या दिवशी तेच 'काल'चं म्हणून सांगावं. खोटं बोलणे या अर्थाचं 'लाय-लाइड-लाइड' मात्र महिनाभर वर्गात आणू नकोस. दोन शिकताना तिसरं आलं की तिन्ही जातात.

आणि यावरून कुणाचा गुण कापू नकोस. ज्यांची इंग्रजी ही मातृभाषा आहे तेही बोलताना सर्रास चुकतात, शेकडो वर्षं चुकत आलेत. बॉब डिलनच्या १९६९ सालच्या एका गाजलेल्या गाण्याच्या नावातच 'लाय' हवं तिथे 'ले' आहे. मग बारा वर्षांच्या पोराला एवढी घाई कशाला?

कुत्र्याचं वाक्य म्हणणाऱ्या त्या मुलाचं काय करायचं, ते मी दोन दिवस विचार करतेय. सगळ्यांसमोर माफी मागशील तर तो आणखी संकोचेल. त्यापेक्षा कुत्रा त्याच्या घरचा आहे का ते विचार. असेल तर त्याचं नाव विचार, तो कुठे झोपतो, कुणी हाकलतं का, पावसात कुठे जातो, सगळं त्याला मराठीत सांगू दे. ऐकून झालं की तू त्याच्याच कुत्र्याचं नाव घालून फळ्यावर एक वाक्य लिही, 'लाइज' घालून. त्याला वाचायला सांगू नकोस. वाचावंसं वाटलं तर तो वाचेल.

काय झालं ते मला कळव. कुत्र्याचं नावही कळव. तुझ्या बाबांना म्हणावं, दामल्यांचं पुस्तक वाळवी लागण्याआधी कपाटातून काढून उन्हात ठेवा.

तुझी,
आत्या