बुंदेलखंडातील तळ्याकाठची गावे : सुट्टीतला एक अभ्यास

सुट्टी लागली की लखनौची बरीच मंडळी काठगोदामची गाडी पकडतात आणि नैनिताल, भीमताल, सातताल, नौकुचियाताल अशी तळी बघून येतात. ती तळी सुंदर आहेत यात वाद नाही. आमचे कुटुंब मात्र गेली काही वर्षे हिवाळ्याच्या सुट्टीत उलट दिशेला, दक्षिणेला जाते. कानपूरला गंगा, हमीरपूरला आधी यमुना आणि लगेच बेतवा अशा तीन नद्या ओलांडल्या की जमिनीचा रंग बदलू लागतो. कबरईच्या पुढे महोबा. तेथून चरखारी, कुलपहाड, जैतपूर ही सगळी गावे तासा-दीडतासाच्या अंतरात आहेत आणि प्रत्येकाला निदान एक तरी तळे आहे. नैनितालची तळी निसर्गाने दिली, इथली माणसांनी केली. कॅडेट मित्रांनो, नकाशा-वाचनाच्या तासाला आपण जे शिकतो ते जमिनीवर पाहायचे असेल तर यासारखी जागा जवळपास नाही.

प्रथम हे तलाव का झाले ते पाहू. बुंदेलखंडाच्या पोटात कठीण ग्रॅनाइट आहे. पाऊस पडतो, पण पाणी खडकात फारसे मुरत नाही, उतारावरून वाहून जाते. विहिरी उन्हाळ्यात आटतात. याच ग्रॅनाइटमधून गारगोटीच्या लांबच लांब भिंती वर आलेल्या दिसतात. मैलोगणती चालणाऱ्या अरुंद टेकड्यांच्या त्या रांगा आहेत, आणि मधूनमधून ओढ्यांनी त्यांना खिंडी पाडल्या आहेत. नवव्या ते तेराव्या शतकात येथे राज्य करणाऱ्या चंदेल राजांच्या कारागिरांनी नेमक्या या खिंडी हेरल्या. दोन्ही बाजूंना डोंगराची तयार भिंत, मध्ये तेवढा मातीचा बांध घालायचा आणि पाण्याकडची बाजू दगडी पायऱ्यांनी बांधून काढायची. थोड्या श्रमात मोठे पाणी अडते. महोब्यात राजांच्या नावांची मालिकाच तलावांवर आहे. राहिलदेवाचा राहिल सागर, विजयपालाचा विजय सागर, कीर्तिवर्म्याचा कीरत सागर, मदनवर्म्याचा मदन सागर. राहिल सागराजवळ ग्रॅनाइटचे जुने सूर्यमंदिर आहे, तर मदन सागरात खडकाळ बेटावर ककरामठ हे शिवमंदिर उभे आहे. आमच्या आईला ते मंदिर इतके आवडले की पहिल्या वर्षी तिला तेथून उठवायला दोघे लागले.

कीरत सागराच्या काठी राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून कजलीचा मेळा भरतो. आल्हा आणि ऊदल यांनी पृथ्वीराज चौहानाच्या सैन्याशी दिलेल्या लढाईची ती आठवण आहे. आपल्या शाळेतील बुंदेलखंडी मुलांना आल्हा ऐकून माहीत असतो. मराठी मुलांनी पोवाडा आठवावा म्हणजे त्याची जात कळेल.

आता जैतपूर. आमच्या सहलींचे हे खरे ठिकाण. बेलासागर नावाचा मोठा तलाव, त्याच्या काठावर पडका किल्ला आणि शेजारी बेलाताल नावाचे रेल्वे स्थानक. थंडीत सकाळी पाण्यावर धुके असते, ढीमरांच्या होड्या जाळी टाकत फिरतात, बाजारात उकडलेले शिंगाडे मिळतात. आमच्या धाकट्याने पहिल्या दिवशी विचारले, "बाबा, बाजीराव इथे पोहला असेल का?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, कारण बाजीराव येथे आला होता हे नक्की.

प्रसंग असा. अलाहाबादचा मुघल सुभेदार महंमदखान बंगश 1727 मध्ये बुंदेलखंडात उतरला. राजा छत्रसाल तेव्हा ऐंशीच्या घरात होता. एकेक ठाणे पडत गेले आणि 1728 च्या अखेरीस जैतपूरही बंगशाने घेतले. छत्रसालाने बाजीरावाकडे निरोप धाडला. त्यात त्याने स्वतःला तळ्यात नक्राने पाय धरलेल्या गजेंद्राची उपमा दिली अशी परंपरा आहे. (या गावात उभे राहिल्यावर उपमा काठावरच सुचली असावी असे वाटते, पण हा माझा तर्क.) बाजीराव त्या वेळी गढा-मंडल्याच्या बाजूला होता. वय अठ्ठावीस. पालखेडला निजामाला कोंडून एक वर्ष झाले होते. मार्च 1729 मध्ये तो महोब्याला पोहोचला, छत्रसाल त्याला येऊन मिळाला आणि बंगशाच्या छावणीभोवती फास पडला.

यापुढचा भाग कॅडेट्सनी नीट वाचावा. मराठ्यांनी छावणीवर थेट हल्ला करून निकाल लावला नाही. त्यांनी वाटा धरल्या. धान्य आत जाणे बंद केले. बंगशाचा मुलगा काइमखान कुमक घेऊन येत होता, त्याला सुपा गावाजवळ गाठून उधळले. मग बंगश जैतपूरच्या किल्ल्यात शिरला. घोड्यांच्या फौजेला किल्ल्याच्या भिंतीशी झुंजण्याचे कारणच उरले नाही.

बांधावर उभे राहून मी मुलांना विचारतो की बंगशाला पाण्याची कमतरता होती का? समोर एवढा सागर! तहानेने तो शरण आला नाही, भुकेने आला. पाणी हाताशी आहे म्हणून जागा सुरक्षित वाटते, आणि शत्रूला त्या बाजूने चढून येता येत नाही हेही खरे. पण ज्या बाजूने शत्रू येऊ शकत नाही त्या बाजूने आपल्यालाही पटकन बाहेर पडता येत नाही. वेढा घालणाऱ्याचे काम तलावाने कमीच केले, कारण त्याला तेवढी बाजू राखायला माणसे कमी लागली. तलाव मित्र की शत्रू, हे शेवटी धान्याच्या कोठारावर ठरले. पुढे छावणीत साथ पसरली आणि पावसाळा तोंडावर आला, म्हणून मराठे परतले. बुंदेल्यांनी वेढा चालू ठेवला आणि ऑगस्टमध्ये बंगशाने पुन्हा बुंदेलखंडात न येण्याचे वचन देऊन वाट मागितली. सिनेमात मस्तानीची कथा सांगताना हे तीन-चार महिने दोन मिनिटांत संपतात, याचे मला नेहमी वाईट वाटते.

याच मोहिमेने मराठ्यांचे पाय या मुलुखात रोवले गेले. छत्रसालाने राज्याचा तिसरा हिस्सा बाजीरावाला दिला. झाशी, जालौन, सागर येथे मराठी घराणी वसली आणि बाजीराव-मस्तानीच्या नातवाने बांद्याची नवाबी उभारली.

चरखारी सर्वांत देखणे. डोंगरावर मंगलगड, खाली तलावांची साखळी. वरचा भरला की पाणी खालच्यात जाते असे गावकरी सांगतात, आणि पावसाळ्यानंतर गेलात तर सांडवे वाहताना दिसतात. 1858 च्या आरंभी तात्या टोप्यांनी हे गाव वेढून घेतले आणि चोवीस तोफा व तीन लाख रुपये मिळवले. सर ह्यू रोजला वरून हुकूम होता की आधी इंग्रजांशी एकनिष्ठ असलेल्या चरखारीच्या राजाला सोडवा. रोज आणि त्याच्यासोबतचा राजकीय अधिकारी हॅमिल्टन यांनी तो बाजूला ठेवून झाशीवरच जायचे ठरवले. तात्या मग चरखारीहून झाशीच्या मदतीला निघाले आणि 1 एप्रिलला बेतवेकाठी त्यांचा पराभव झाला. वरिष्ठांचा हुकूम केव्हा मोडावा, यावर आमच्या घरी रात्री जेवताना इतका वाद झाला की खानावळवाल्याने दिवे घालवण्याची धमकी दिली.

तळ्यांचे आजचे रूप मात्र नुसते पाहून सोडण्यासारखे नाही. ज्या महोब्यात हजार वर्षांपूर्वी पाणी साठवण्याची एवढी विद्या होती, त्याच बुंदेलखंडाला 2016 च्या दुष्काळात रेल्वेने पाणी पाठवावे का याची चर्चा देशभर झाली. बांध अजून उभे आहेत. बिघडले आहे ते त्यांच्या वरचे. पाणलोटात घरे झाली, येणारे ओढे बुजले, गाळ साचला आणि काही ठिकाणी जलपर्णीने पाणी झाकून टाकले. कबरईला तर गिट्टीसाठी टेकड्याच फोडल्या जातात. रस्त्यावरची पांढरी धूळ गाडीची काच बंद केली तरी आत येते. जैतपूरला एका वृद्ध ढीमराने मला सांगितले की त्याच्या लहानपणी बांबू जिथे बुडायचा तिथे आता माणूस उभा राहतो. त्याने होडीतून उतरून ते दाखवलेही. पाणी त्याच्या छातीपर्यंत आले.

पालकांसाठी थोडे. कार्तिकापासून माघापर्यंत जावे. चैत्रानंतर खडक तापतात आणि काही तळ्यांचे तळ दिसू लागतात. तीन दिवस पुरतात, मुक्काम महोब्यात करावा. आजी-आजोबा बरोबर असतील तर देशावरी पान विसरू नये. ते तोंडात विरघळते आणि महोब्याची ओळख तेच आहे.

कॅडेट्ससाठी एक काम. बेलासागर, किल्ला, महोब्याकडून येणारी वाट आणि सुपा यांचा डोळ्यांनी अंदाज घेऊन रेखाटन काढा. वेढ्यासाठी चौक्या कोठे ठेवाल आणि किती ठेवाल, ते खुणांनी दाखवा. मग तलाव निम्मा आटला आहे असे समजून तेच रेखाटन पुन्हा काढा. दोन्ही कागद सुट्टी संपताच माझ्याकडे आणून द्यावेत.