गच्चीवर सूर्य, टाकीत मात्र परदेशी तेल

प्रश्न : गेल्या वर्षी गच्चीवर सोलर बसवलं आणि वीजबिल जवळपास नाहीसं झालं. ऊन फुकट, पॅनेल स्वस्त. मग देश अजून परदेशी तेलावर एवढा का अवलंबून? तेलवाले सौरऊर्जेला वर येऊ देत नाहीत म्हणतात, ते खरं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तेलवाले काही साधुसंत नाहीत, पण इथे दोष त्यांचा नाही. तुमच्या गच्चीवरच्या पॅनेलमुळे वाचतो तो कोळसा. भारतात तेल जाळून वीज जवळजवळ बनवतच नाहीत. सत्तर टक्क्यांहून जास्त वीज कोळशाची. गरजेच्या 85 टक्क्यांहून अधिक कच्चं तेल आपण बाहेरून आणतो, पण ते जातं ट्रक, एसटी, ट्रॅक्टर, मोटारी आणि विमानांच्या टाक्यांत. तिथे तुमचं पॅनेल पोचतच नाही.

मग तेल आणि सूर्य ही जोडी जुळली कधी? 1973 साली. ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी इस्रायलच्या पाठीराख्यांचं तेल तोडलं आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपास होता तो बाराच्या घरात गेला. त्या काळी अमेरिकेतली साधारण एक षष्ठांश वीज तेलावर व्हायची, त्यामुळे तेलाला सूर्याचा पर्याय हे बोलणं तेव्हा शब्दशः खरं होतं. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी 1979 मध्ये व्हाइट हाउसच्या छतावर सौर पॅनेल चढवली. रेगन यांच्या कारकिर्दीत, 1986 मध्ये, ती उतरवली गेली. कटाचा पुरावा म्हणून हाच किस्सा फिरतो. ती पॅनेल पाणी तापवणारी होती, वीज बनवणारी नव्हे, हे सांगायचं बहुतेक जण विसरतात. शिवाय 1986 मध्येच तेलाचे भाव कोसळले होते. तेल स्वस्त झालं की सूर्याची आठवण कुणालाच राहत नाही. त्यासाठी कट करावा लागत नाही.

किमतीचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे. डिसेंबर 2010 मध्ये राष्ट्रीय सौर मोहिमेच्या पहिल्या लिलावात सर्वांत कमी बोली होती युनिटला 10 रुपये 95 पैसे. 2017 मध्ये राजस्थानातल्या भादला इथे ती 2 रुपये 44 पैशांवर आली आणि डिसेंबर 2020 मध्ये गुजरातेत 1 रुपया 99 पैशांवर. फक्त हा दर ऊन असतानाचा आहे. दिवेलागणीला घरोघर विजेची मागणी वाढते तेव्हा पॅनेल थंड असतं. तीच वीज बॅटरीत साठवून रात्री द्यायची तर खर्च वाढतो. लिलावाच्या बातमीत तो धरलेला नसतो.

पॅनेलच्या बाबतीत आपण चीनवर विसंबून आहोत, हा आक्षेपही रास्त. जगातल्या सौर पॅनेलच्या निर्मितीतल्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा 80 टक्क्यांच्या वर आहे. पण उद्या चीनने पॅनेल द्यायची थांबवली तरी तुमच्या गच्चीवरचं पंचवीसेक वर्षं चालत राहील. तेलाचा टँकर थांबला तर मंगळुरू, पादूर आणि विशाखापट्टणमच्या भूमिगत साठ्यांत मिळून 53 लाख टनांची सोय आहे. देशाची भूक पाहता ती थोड्या दिवसांची शिदोरी.

माझ्या मते खरं राजकारण आखातात कमी आणि आपल्या तिजोरीत जास्त आहे. पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीबाहेर आहे: केंद्र अबकारी कर घेतं, राज्य व्हॅट. 2020 मध्ये करोनामुळे कच्चं तेल गडगडलं, तेव्हा मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवर लिटरला 10 आणि डिझेलवर 13 रुपये कर वाढवला. स्वस्ताईचा मोठा भाग सरकारनेच उचलला. ज्या तिजोरीला या पैशाची इतकी सवय लागली आहे, ती तेलाला निरोप द्यायची घाई करणार नाही. पक्ष कुठलाही असो.

राहता राहिलं तुम्ही काय करायचं ते. शेतात डिझेल पंप असेल तर आधी तो सौर पंपाने बदला. घरातली पुढची दुचाकी विजेवरची घ्या: एका युनिटमध्ये ती साधारण 25 ते 30 किलोमीटर जाते, आणि तीन किलोवॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास देतं. त्या दिवसापासून तुमच्या गच्चीमुळे तेलही वाचू लागेल.