काच, काळ्या रेषा आणि योझेफ फ्राउनहोफर

भिंग, लोलक, आरसा यांच्या साहाय्याने प्रकाशाला हवे तसे वळवणारी विद्या म्हणजे प्रकाशीय अभियांत्रिकी. चष्मा, कॅमेरा, सूक्ष्मदर्शक ही तिचीच देणगी. या विद्येला काटेकोर मोजमापाची शिस्त लावणाऱ्यांत योझेफ फ्राउनहोफर यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म १७८७ साली बव्हेरियात एका काच कारागिराच्या घरी झाला. अकराव्या वर्षी ते पोरके झाले. म्युनिकच्या ज्या आरसे बनवणाऱ्याकडे ते उमेदवारी करत, तो त्यांना कामकरी मुलांसाठी भरणाऱ्या रविवारच्या शाळेतही जाऊ देईना. १८०१ मध्ये मालकाचे घर कोसळले आणि हा मुलगा ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. तेथे आलेल्या राज्यकर्त्याने पैसे दिले, उट्झश्नायडर या उद्योजकाने पुस्तके दिली. दयेने मिळालेल्या त्या पैशांतून फ्राउनहोफर यांनी काच घासण्याचे यंत्र घेतले आणि उमेदवारीतून सुटका करून घेतली. शाळेचे दार उघडण्यासाठी घर कोसळावे लागावे, ही त्या समाजव्यवस्थेची शरम होय.

काच प्रत्येक रंगाला निरनिराळ्या प्रमाणात वळवते. म्हणून साध्या भिंगातून पाहताना वस्तूच्या कडांना रंगीत झालर दिसते. दोन प्रकारच्या काचांची भिंगे जोडून हा दोष कमी करता येतो, परंतु त्यासाठी प्रत्येक काचेचा अपवर्तनांक अचूक हवा. अडचण अशी, की वर्णपटात रंग एकमेकांत मिसळतात. ‘पिवळा’ म्हणजे नेमका कोणता पिवळा? फ्राउनहोफर यांनी अरुंद फटीतून येणारा सूर्यप्रकाश लोलकावर घेतला व दुर्बिणीतून पाहिला. वर्णपटात असंख्य काळ्या रेषा होत्या, आणि त्या कधीच जागा सोडत नव्हत्या. १८१४ च्या सुमारास त्यांनी पाचशेहून अधिक रेषा नोंदवल्या, ठळक रेषांना अक्षरे दिली. काच मोजण्याची पट्टी मिळाली! या रेषा का उमटतात, याचा उलगडा किर्खहोफ यांनी १८५९ मध्ये केला.

डोरपाट वेधशाळेसाठी त्यांनी केलेली २४ सेंटिमीटर भिंगाची दुर्बीण त्या काळी आपल्या प्रकारची सर्वांत मोठी होती. तरीही विद्यापीठात न शिकलेल्या या कारागिराच्या अकादमी-प्रवेशाला काही विद्वानांनी हरकत घेतली. मात्र एक गोष्ट लपवू नये: रेषा त्यांनी जगापुढे मांडल्या, पण उत्तम काच बनवण्याची कृती त्यांच्या कारखान्याने कुलपातच ठेवली.

१८२६ मध्ये, अवघ्या ३९ व्या वर्षी, क्षयाने त्यांचे निधन झाले. चष्म्याच्या काचेची प्रत ठरवणाऱ्या आब्बे अंकाच्या सूत्रात त्यांनी दिलेली ‘सी’ आणि ‘एफ’ ही अक्षरे आजही आहेत. हा अंक जितका कमी, तितकी कडेची रंगीत झालर अधिक.