घंटा नसलेल्या घरातील व्यायाम

आपल्या वसतिगृहात राहून गेलेल्या कोणत्याही माजी विद्यार्थ्याला पहाटेच्या घंटेचा आवाज आजही ओळखता येईल. घंटा झाली की अंथरुणाची घडी घालायची, तोंड धुवायचे, त्रिसरण-पंचशील म्हणायचे आणि मैदानावर रांगेत उभे राहायचे. कवायत, जोर-बैठका, मैदानाच्या फेऱ्या. वर्षानुवर्षे अशा रीतीने व्यायाम केलेली मुले आज आकुर्डी, भोसरी, चाकण, तळेगाव येथील कारखान्यांत व कार्यालयांत कामाला आहेत. ती स्वतः आई-वडील झाली आहेत. आणि त्यांतील बहुतेकांचा व्यायाम शाळा सुटली त्याच दिवशी सुटला.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात हा विषय निघाला की वेळ नाही, हे एकच उत्तर मिळते. ते खोटे म्हणता येणार नाही. चाकणच्या पहिल्या पाळीला जाणारा माणूस अंधारातच कंपनीच्या बसची वाट पाहत चौकात उभा असतो. त्याच वेळी घरात डबे, नळाचे पाणी आणि मुलांच्या शाळेची तयारी चाललेली असते. रात्रपाळीच्या आठवड्यात तर सकाळ कोणती आणि संध्याकाळ कोणती, हेच उरत नाही. तरीही साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी वेळ असताना आपण व्यायाम करीत नाही, याचा विचार केला पाहिजे. मला वाटते, आपल्याजवळ शिस्त होती. सवय मात्र नव्हती. उठण्याचा निर्णय घंटा घेत असे. घंटा गेली आणि तिच्याबरोबर व्यायामही गेला.

हा प्रश्न केवळ सुडौल दिसण्याचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. बाबासाहेबांना या आजाराने अखेरच्या वर्षांत किती छळले, हे आपण सर्व जाणतो. आपल्या समाजातील अनेक घरांत आजही शिकून नोकरीला लागलेली पहिलीच पिढी कमावते आहे. गावाकडील आई-वडील, धाकट्या भावंडांचे शिक्षण, घराचे हप्ते हे सारे एका किंवा दोन शरीरांवर उभे असते. ते शरीर पंचेचाळिसाव्या वर्षी खचले, तर किती जणांचे काय होईल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

या बाबतीत आपल्या धम्मसाहित्यात जे आहे, त्याकडे आपण पुरेसे पाहिलेले नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. वेसाली नगरीत उपासकांनी भिक्खूंना एकामागून एक पक्वान्नांची भोजने दिली आणि भिक्खू वारंवार आजारी पडू लागले. तेव्हा वैद्य जीवकाने भगवंतांना विनंती केली, की भिक्खूंना चंक्रमणासाठी, म्हणजे फेऱ्या मारीत चालण्यासाठी, जागा आणि घाम काढणारे स्नानगृह यांची अनुमती द्यावी. भगवंतांनी ती दिली. पुढे खडबडीत जागेवर पाय दुखू लागले, तेव्हा जागा सपाट करून घेण्यासही त्यांनी परवानगी दिली. अंगुत्तरनिकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: प्रवासाची क्षमता, परिश्रमाची क्षमता, अल्प आजार, अन्नाचे पचन आणि चालताना साधलेल्या एकाग्रतेचे दीर्घकाळ टिकणे. पाचांपैकी चार लाभ सरळ देहाचे आहेत.

त्याहून उपयोगी कथा संयुत्तनिकायातील कोसलनरेश पसेनदीची आहे. राजा द्रोणभर भात जेवत असे. एकदा असाच भरपेट जेवून तो धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी मिताहाराविषयी एक गाथा म्हटली. ती ऐकून राजाने मी उद्यापासून कमी जेवीन असा संकल्प सोडला नाही. त्याने मागे उभ्या असलेल्या सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला सांगितली आणि प्रत्येक जेवणाच्या वेळी ती म्हणून दाखवण्यासाठी रोज शंभर कहापण देऊ केले. राजाचा आहार क्रमाक्रमाने घटत एका नाळीवर आला आणि त्याचे शरीर हलके झाले. कोसलासारख्या राज्याच्या अधिपतीनेही केवळ स्वतःच्या मनोबलावर विसंबून राहणे पसंत केले नाही. त्याने ठरावीक वेळी वाजणारी एक घंटा आपल्या ताटाशी आणून ठेवली आणि बदल हळूहळू होऊ दिला.

आपण बहुधा याच्या उलट करतो. आपली तऱ्हा सोण कोळिविसाची असते. सोण हा चंपेच्या धनिकाचा अत्यंत सुकुमार मुलगा. प्रव्रज्या घेतल्यावर त्याने इतक्या आवेशाने चंक्रमण केले की पाय फुटून चालण्याची जागा रक्ताने माखली, आणि शेवटी हे सोडून घरी परतावे असे त्याच्या मनात आले. वीणेची तार फार ताणलेली किंवा फार सैल असून चालत नाही, हा दृष्टांत भगवंतांनी त्यालाच दिला. प्रवचनांत तो आपण पुष्कळदा ऐकतो; पण तो चालून चालून पाय फोडून घेतलेल्या माणसाला सांगितला होता, हे विसरतो. त्याच प्रसंगी भगवंतांनी सोणाला एकतळी पादत्राणे वापरण्याची अनुमती दिली, आणि सोणाने ती एकट्यासाठी नाकारल्यामुळे ती सर्व संघाला मिळाली. जानेवारीच्या पहिल्या तारखेला चपला घालून दुर्गा टेकडीवर धावत सुटणाऱ्या आणि आठव्या दिवशी गुडघा धरून बसणाऱ्या मित्रांनी ही कथा मुळातून वाचावी.

आधुनिक अभ्यासही फारसे वेगळे सांगत नाहीत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१० साली ९६ स्वयंसेवकांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येकाने एक छोटी कृती दिवसातील एका ठरलेल्या प्रसंगाला जोडायची होती, उदाहरणार्थ, न्याहारीनंतर. कृती अंगवळणी पडण्यास १८ पासून २५४ दिवसांपर्यंत काळ लागेल असे दिसले. मध्यमान ६६ दिवसांचे होते. एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या घडणीत फारसा फरक पडत नव्हता. वसतिगृहात एक दिवस चुकला तर शिक्षा होती. ती शिक्षा आपण मोठेपणीही स्वतःला देत राहतो आणि एक दिवस चुकला की महिनाभर सोडून देतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेले प्रमाण आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचे, म्हणजे चालताना बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या गतीचे, असे आहे. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. सलग दहा मिनिटे तरी झालीच पाहिजेत, ही पूर्वीची अट आता काढून टाकलेली आहे. पाळीत काम करणाऱ्यांसाठी ही सवलत मोठी आहे. मात्र त्यांनी आपला व्यायाम घड्याळाला बांधू नये. दर आठवड्याला वेळ बदलतो आणि सवय मोडते. तो प्रसंगाला बांधावा. बस ज्या थांब्यावर सोडते त्याच्या एक थांबा आधी उतरून चालणे कोणत्याही पाळीत जमते. अंघोळीपूर्वी दहा बैठका आणि भिंतीला हात टेकून दहा जोर, हे रात्रपाळीतही होते. पावसाळ्यात इमारतीचे जिने आहेतच. छातीत दुखणे, मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी आरंभापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आता जे मेळाव्यात कोणी बोलत नाही, ते लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात ४२ टक्के पुरुष आणि ५७ टक्के स्त्रिया पुरेशी शारीरिक हालचाल करीत नाहीत. घरकाम हाच बायकांचा व्यायाम, असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की या मोजणीत घरकामही धरलेले असते. ओट्याशी उभे राहणे आणि वाकणे यांनी पाठ दुखते, दम वाढत नाही. आई चालायला जायची असेल तर त्या अर्ध्या तासात कुकर कोणी लावायचा, हे आधी ठरले पाहिजे. वडील टेकडीवर आणि आई ओट्याशी, अशा घराला व्यायामाची सवय लागली असे मी मानत नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्याचे. ज्याचा दिवस नसेल त्याने घर सांभाळायचे, अशी वाटणी आमच्या घरी चालते. पहिले दोन महिने ती वरचेवर मोडली, मग टिकली.

राहता राहिला सुदस्सन. तो आपल्या घरातच आहे. ज्यांची मुले आज या शाळेत शिकत आहेत, ती मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी येतात तेव्हा पहिले काही दिवस आपोआप पहाटे जागी होतात. आपण त्यांना झोपा रे, सुट्टी आहे, असे सांगतो. त्याऐवजी त्यांच्याबरोबर बाहेर पडावे. मूल परत वसतिगृहात गेल्यावर त्याच्या दूरध्वनीवरील पहिला प्रश्न आई, आज चाललीस का, हा असावा, असे त्याला सांगून ठेवावे. शंभर कहापणांची मागणी कोणी करणार नाही.

रविवार सर्वांनी मिळून चालण्याचा. आकुर्डीच्या पुढचेच स्थानक देहूरोड. तेथील विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वहस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. महामार्गावर वाहने वाढण्यापूर्वी निगडीवरून निघावे. मुलांच्या चालीने दोन तास धरावेत, पाण्याची बाटली आणि चांगले बूट असावेत. वंदना करून येताना लोकलने परतावे.