बोधचिन्हातील हत्ती

प्रस्तावना

सैनिकाची निष्ठा कोणाशी बांधलेली आहे, यावर राज्याचे भवितव्य अवलंबून असते. या पाठात आपण रोम व मद्रास येथील दोन सैन्यदलांच्या आधारे हा विचार समजून घेऊ.

मूळ पाठ

प्राचीन रोमच्या सैन्यातील मोठ्या पायदळ तुकडीला 'लीजन' म्हणत. इ.स.पू. १०७ मध्ये मारियस या सेनानीने भूमिहीन गरिबांना लीजनमध्ये प्रवेश दिला. लढाई संपल्यावर जमीन मिळेल ती सेनापतीच्या शब्दामुळे, हे या सैनिकांना ठाऊक होते. साहजिकच त्यांची निष्ठा प्रजासत्ताकापेक्षा सेनापतीकडे वळली. ज्यूलियस सीझरने जिंकलेल्या गॉल प्रांतातील स्थानिक लोकांमधून स्वखर्चाने एक लीजन उभारले. त्याचे नाव होते 'अलाउदे', म्हणजे चंडोल पक्षी. इ.स.पू. ४६ मध्ये आफ्रिकेतील थॅप्ससच्या लढाईत या सैनिकांनी शत्रूच्या हत्तींना तोंड दिले, म्हणून हत्ती हे त्यांचे मानचिन्ह ठरले. मात्र सीझरविरुद्धची ती लढाई रोमनांचीच होती. अशा यादवीतच रोमचे प्रजासत्ताक लयास गेले.

हत्तीचेच चिन्ह भारतातील एका सैन्यदलाकडेही आहे. १७५८ च्या अखेरीस फ्रेंचांनी मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नईतील सेंट जॉर्ज किल्ल्यास वेढा घातला. त्याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने देशी शिपायांच्या पलटणी उभारल्या. मद्रास रेजिमेंट आपली परंपरा तेथून सांगते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी मद्रासच्या पलटणी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी लढल्या. कंपनीचा जय झाला; परंतु दोन्ही बाजूंनी भारतीय धारातीर्थी पडले. या लढाईची खूण असलेला हत्ती आजही रेजिमेंटच्या बोधचिन्हात आहे.

पगाराने बांधलेल्या निष्ठेलाही मर्यादा असते. कंपनीने मद्रासच्या शिपायांवर नवी पगडी लादली. कपाळावरील गंध व दाढी यांना मनाई केली. तेव्हा १० जुलै १८०६ रोजी वेल्लोरच्या किल्ल्यात शिपायांनी उठाव केला. तो त्याच दिवशी निर्दयपणे मोडून काढण्यात आला.

आज भारतीय सैनिक व्यक्तीशी किंवा कंपनीशी नव्हे, तर संविधानाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतो. हत्ती तोच राहिला, शपथ बदलली.

शब्दार्थ

यादवी – आपसांतील युद्ध
लयास जाणे – नष्ट होणे
धारातीर्थी पडणे – रणांगणावर मरण येणे

पाठगत प्रश्न

१. रोमन सैनिकांची निष्ठा सेनापतीकडे का वळली?
२. वेल्लोरच्या उठावाची कारणे लिहा.
३. 'हत्ती तोच राहिला. शपथ बदलली' या विधानाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.